नाशिक फाटा ते चाकण : पूल कुठे उतरणार, ते आधी विचारा

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने नाशिक फाटा ते खेड हा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला. खर्च ७,८२७ कोटी रुपये. काम बीओटी तत्त्वावर, म्हणजे कंत्राटदाराने बांधायचा, टोलमधून पैसे वसूल करायचे आणि मुदत संपली की रस्ता सरकारच्या हवाली करायचा. भोसरी ते चाकण रोज जीव मुठीत धरून दुचाकी हाणणाऱ्या माणसाच्या कानात ‘आठपदरी’ आणि ‘उन्नत’ हे दोनच शब्द राहिले असतील, तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्याच मंजुरीच्या तपशिलात आणखी एक वाक्य आहे : खालचा सध्याचा रस्ता चार ते सहा पदरी करायचा आणि दोन्ही अंगांनी दोन-दोन पदरी सर्व्हिस रोड द्यायचे. हा लेख त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. तुम्ही कुरुळी-चिंबळीच्या ग्रामपंचायतीत असाल, मोशीच्या एखाद्या सोसायटीच्या कमिटीवर असाल, चाकण नगरपरिषदेत असाल किंवा महाळुंग्याच्या कारखान्यात मालाच्या गाड्या लावण्याचं काम बघत असाल; केव्हातरी या रस्त्याचा नकाशा तुमच्यापुढे येणार आहे आणि ‘काही सूचना?’ असं विचारलं जाणार आहे. तेव्हा नकाशात कुठे बोट ठेवायचं हे आधी माहीत असलेलं बरं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की या पट्ट्यातली कोंडी रस्त्याच्या लांबीत नसून चार-सहा चौकांत आहे, आणि ती करणारी बहुतेक वाहनं इथलीच आहेत, इथेच यायची किंवा इथूनच निघायची आहेत. त्यामुळे चौक आणि त्यांना वळसा देणारे जोडरस्ते आधी व्हायला हवेत. वरचा पूल त्यानंतर.

चाकण हे पहिल्यापासून वाटांच्या तिठ्यावरचं गाव. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने इथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट जवळपास दोन महिने झुंजवला. एवढ्याशा किल्ल्यासाठी मोगलांनी इतका वेळ घालवला, कारण जुन्नरकडून पुण्याकडे येणारी वाट त्याच्या नजरेखाली होती. आज तिथे राष्ट्रीय महामार्ग ६०, म्हणजे आपला पुणे-नाशिक रस्ता, आणि ५४८-डी, म्हणजे तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, एकमेकांना तळेगाव चौकात छेदतात. थोड्याच अंतरावर आंबेठाण चौक, जिथे एमआयडीसीच्या पुढच्या टप्प्यांकडे जाणारा रस्ता फुटतो. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. बजाज, महिंद्रा आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी लहानमोठी असंख्य युनिटं अवतीभोवती वसली. चौक मात्र बाजारगावाचेच राहिले. या चौकांत तीन प्रकारची वाहनं येतात. पुण्याहून थेट नाशिकला जाणारी. मुंबईकडून तळेगावमार्गे रांजणगाव-नगरकडे जाणारी. आणि तिसरी, इथलीच : कामगार, कंपनीच्या बस, सुट्या भागांचे टेम्पो, कंटेनर, शाळेच्या व्हॅन, मार्केट यार्डात कांदा-बटाटा आणणाऱ्या पिकअप. उन्नत मार्ग पहिल्या प्रकारासाठी उत्तम आहे. दुसरा प्रकार पुलाखालून आडवा जाणार. तिसऱ्याला पुलाचा उपयोग होईल की नाही, हे रॅम्प कुठे येतात त्यावर ठरेल. कोंडीच्या वेळा पाहा, म्हणजे तिसऱ्या प्रकाराचं वजन कळेल. सकाळी पाळी भरताना, दुपारी पाळी बदलताना, संध्याकाळी ऑफिसं सुटताना रस्ता तुंबतो. नाशिकला निघालेला माणूस काही कारखान्याच्या भोंग्यावर घर सोडत नाही.

नदीचाही यात वाटा आहे, आणि तो नेहमी विसरला जातो. इंद्रायणी पिंपरी-चिंचवडच्या उत्तर सीमेने वाहते. निगडी, चिखली, तळवडे, मोशी इथे राहायचं आणि नदीपलीकडे महाळुंगे-खालुंब्रे-निघोजे इथे कामाला जायचं, अशी हजारो माणसांची रोजची रीत. नदीवर जड वाहतूक पेलणारे पूल मोजके, त्यामुळे ज्याला सरळ रेषेत पलीकडे जायचं तोही वळसा घालून मोशीच्या पुलावर येतो आणि नाशिक रस्त्याच्या गर्दीत मिसळतो. स्पाईन रोडसारखा ऐसपैस रस्ता शेवटी येऊन मिळतो तो याच महामार्गाला. देहू-येलवाडी-खालुंब्रे हा दुसरा मार्ग आहे, पण तो अरुंद आणि गावांतून जाणारा. असा एखादा जोडरस्ता रुंद केला, नदीवर आणखी एखादा पूल टाकला, तर नाशिक रस्त्यावरची वाहनं तिथे पोचण्याआधीच कमी होतात. वर्तमानपत्रात त्याचा मोठा फोटो येत नाही, एवढीच त्याची अडचण.

आता चौकाचं गणित. ते सोपं आहे, आणि एकदा समजलं की बैठकीत कोणी तुम्हाला गुंडाळू शकत नाही. वाहतूक अभियंते सगळी वाहनं एकाच मापात आणतात : मोटारकार म्हणजे १ पीसीयू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या मानकात ट्रक किंवा बस २.२ ते ३.७, रिक्षा १.२ ते २, दुचाकी ०.५ ते ०.७५ अशी मापं दिली आहेत. सिग्नलवर रस्त्याच्या दर मीटर रुंदीमागे तासाला ५२५ पीसीयू सुटतात, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे ७ मीटरच्या, दोन पदरी बाजूवरून दिवा अखंड हिरवा असेल तर ३,६७५. पण चार बाजूंना आळीपाळीने सोडायचं तर १२० सेकंदांच्या फेऱ्यात चार वेळा दिवा बदलताना पाच-पाच सेकंद वाया जातात, उरलेल्या १०० सेकंदांतले २५ प्रत्येकाच्या वाट्याला येतात. हाती लागतात तासाला ७६६ पीसीयू. याच मानकात चौपदरी शहरी धमनी रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून ३,६०० धरली आहे, म्हणजे एका दिशेला १,८००. रस्ता १,८०० आणून ओततो, चौक ७६६ गिळतो. बाकीचे मागे उभे राहतात. मोशीच्या बाजूला लांबच लांब दिसणारी रांग ही अशी चाकणच्या चौकात तयार होते.

याच गणितात उपाय तोलून बघा. फेरा लांबवून १८० सेकंदांचा केला तर ७६६ चे होतात ८१७. वाढ सात टक्क्यांचीही नाही. म्हणून वॉर्डनने एकेक बाजू पाच-पाच मिनिटं सोडली तरी कोंडी फुटत नाही, फक्त बाकी तीन बाजूंचे लोक जास्त चिडतात. रस्ता तीन पदरी केला, १०.५ मीटर, तर होतात सुमारे १,१५०. आणि रस्ता आहे तेवढाच ठेवून उजवी वळणं चौकातून बाहेर काढली, म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजू एकदम सोडता आल्या, तर दिवा दोनदाच बदलतो, प्रत्येकाला ५५ सेकंद मिळतात आणि आकडा १,६८० च्या पुढे जातो. एक इंचही रुंदी न वाढवता दुपटीहून अधिक. आता उलट बाजूने बघा : चौकाच्या तोंडाशी सिक्स सीटर आणि टपऱ्यांनी तीन मीटर अडवले, तर उरलेल्या चार मीटरांतून जाणारी वाहनं जवळपास निम्म्यावर येतात. कोट्यवधींचं रुंदीकरण कोपऱ्यावरचे दहा रिक्षावाले खाऊन टाकू शकतात. त्यांना शिव्या देऊन उपयोग नाही, कारण बसमधून उतरलेला कामगार तिथेच उभा असतो. रिक्षाथांबा आणि बसथांबा चौकापासून शंभर-सव्वाशे मीटर पुढे, रस्त्याबाहेर खाचेत, एकमेकांना लागून दिला की दोघेही आपोआप हलतात. ही जागा नकाशात आखलेली नसेल तर तो नकाशा अपुरा आहे.

उजवी वळणं काढायची म्हणजे कुठे न्यायची, हा खरा प्रश्न, आणि ‘पुढे यू-टर्न देऊ’ हे त्याचं नेहमीचं आळशी उत्तर. दुचाकी यू-टर्न घेईल, कार घेईल. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर सोळा-सतरा मीटर लांब असतो. पुण्याकडून येऊन तळेगाव रस्त्याला डावीकडे वळणाऱ्या अशा गाडीकडे कधी नीट पाहा. ड्रायव्हर आधी उजवीकडच्या पदरात शिरतो, कारण डावीकडूनच वळला तर मागची चाकं कोपरा कापून फूटपाथवर चढतील. तो उजवीकडे सरकला की डाव्या मोकळ्या जागेत दोन मोटरसायकली आणि एक रिक्षा घुसतात. क्लीनर खाली उतरून हात दाखवतो. ट्रेलर वाकतो, थांबतो, पुन्हा वाकतो. तोवर त्या बाजूचे पंचवीसपैकी बहुतेक सेकंद संपलेले असतात. रांगेत असा एक ट्रेलर आला की अख्खा फेरा बुडाला. हे डाव्या वळणाचं. दुभाजकातल्या पंक्चरमधून त्याला उलटा फिरवायचा म्हणजे सगळे पदर बंद. त्यामुळे जड वाहनांसाठी चौकाच्या अलीकडूनच दोन रस्त्यांना जोडणारे तिरपे जोडरस्ते हवेत. नाशिक रस्त्यावरून तळेगाव रस्त्याला जायचं असेल तर तळेगाव चौकाचं तोंडही न बघता एमआयडीसीत शिरता यावं. एमआयडीसीचे अंतर्गत रस्ते बऱ्यापैकी रुंद आहेत. अडतं ते त्यांना महामार्गाशी जोडणाऱ्या शेवटच्या तुकड्यावर. तो तुकडा कधी एखाद्या गावाच्या गावठाणातून जातो, कधी मोजणी न झालेल्या शेतातून. चौकाच्या तोंडाशी डांबराची अवस्थाही याच गाड्या सांगतात : जिथे रोज शेकडो ट्रेलर ब्रेक मारतात तिथे डांबर पुढे सरकून उंचवटे होतात, पावसाळ्यात त्यांचे खड्डे होतात. थांबरेषेच्या मागचा शंभर मीटर भाग तरी काँक्रीटचा हवा. ही मागणी अगदी किरकोळ खर्चाची आहे आणि वाद न होता मंजूर होण्यासारखी आहे.

हे सगळं आकड्यांवर उभं राहतं, म्हणून प्रकल्प अहवाल हातात आला की आधी वाहनांची मोजणी कशी केली ते पान उघडा. ‘रोज अमुक हजार वाहनं’ एवढंच लिहिलं असेल तर ती मोजणी चौकासाठी निरुपयोगी. कोणत्या बाजूने आलेलं वाहन कोणत्या बाजूला वळलं, कोणत्या प्रकारचं होतं आणि कोणत्या पंधरा मिनिटांत होतं, हे हवं. शिवाय ते निघालं कुठून आणि जाणार कुठे, हे वाहन थांबवून किंवा नंबरप्लेट जुळवून विचारलेलं हवं. त्याशिवाय पुलावरून किती जातील हे सांगता येत नाही. मोजणीचा वारही बघा. आपल्या पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी घेणारे कारखाने बरेच आहेत. गुरुवारची मोजणी म्हणजे निम्म्या चाकणची मोजणी. शनिवारी चाकणला जनावरांचा बाजार भरतो. तो दिवस वेगळा मोजायला हवा. आळंदीच्या कार्तिकी वारीचे दिवसही वेगळे. पीसीयूचे गुणांक कोणते वापरले, हेही विचारा. जड वाहनांचा वाटा वाढला की त्यांचं मापही वाढतं, आणि २.२ घ्यायचा की ३.७ यात दीडपट-पावणेदोनपट फरक पडतो. याच कोष्टकातून कंपन्यांसाठी एक हिशेब निघतो. चाळीस कामगार चाळीस दुचाक्यांवर आले तर ०.७५ प्रमाणे ३० पीसीयू. तेच एका बसने आले तर ३.७. रस्त्यावरचा भार आठव्या हिश्श्यावर. पाळ्यांच्या वेळा शेजारच्या कंपन्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढेमागे केल्या तर तोही भार पसरतो, आणि त्यासाठी कोणाचीही जमीन घ्यावी लागत नाही. उद्योजकांच्या संघटनांनी रस्त्याची मागणी करताना स्वतःच्या पाळ्यांचं वेळापत्रक सोबत जोडलं, तर त्या मागणीला वजन येईल.

मग पुलाकडे वळू. पुलाखालून मोठ्या गाड्या जाण्यासाठी साडेपाच मीटर उंची मोकळी लागते. तुळया आणि सपाटी धरली तर रस्ता साधारण आठ मीटरवर जातो. भरलेला ट्रेलर चढवायचा तर तीस मीटरला एक मीटर एवढाच उतार ठीक. म्हणजे एकेक रॅम्प २४० मीटरचा. तो जमिनीला टेकतो तिथून पुढच्या चौकापर्यंत वाहनांना पदर बदलून आपापल्या बाजूला लागायला जागा हवी. ती मिळाली नाही तर चौकातली रांग उलटी रॅम्पवर चढते आणि वरचा वेगवान रस्ताही तुंबतो. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक एकमेकांपासून किती जवळ आहेत हे तुम्हाला माहीत आहे. त्या दोघांच्या मध्ये रॅम्प दाखवला असेल तर तिथेच लाल पेन्सिल फिरवा. दक्षिण टोकाचा प्रश्न आणखी अवघड आहे. नाशिक फाट्याला कासारवाडीचा दुमजली भारतरत्न जे. आर. डी. टाटा उड्डाणपूल, जुना मुंबई-पुणे महामार्ग, लोहमार्ग आणि मेट्रो असं सगळं एकवटलेलं आहे. आठपदरी रस्त्यावरून पुण्याकडे येणारे चार पदर तिथे कशात ओतले जाणार? शहराच्या रस्त्यांनी आधीच दम तोडलेला असेल, तर खेडहून वीस-पंचवीस मिनिटांत येऊन कासारवाडीत तेवढाच वेळ उभं राहायचं, एवढाच फरक पडेल. भोसरी, स्पाईन रोड, देहू-आळंदी रस्ता अशा ठिकाणी टप्प्याटप्प्याने उतरायची सोय असेल तर ओझं वाटलं जाईल.

पुण्याच्याच दोन उदाहरणांतून शिकण्यासारखं आहे. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या बहुमजली रचनेचं उद्घाटन झालं. गाड्या सुटल्या, हे मान्यच करायला हवं. पण कोणत्या रॅम्पने कुठे जायचं याचा वाहनचालकांचा गोंधळ आणि पायी महामार्ग ओलांडणाऱ्यांची धावपळ, हे दोन्ही उद्घाटनानंतर चर्चेला आले. चाकणमध्ये पायी चालणारे चांदणी चौकापेक्षा कितीतरी जास्त. पाळी सुटल्यावर माणसांचा लोंढा रस्ता ओलांडतो, आणि पादचारी पुलाच्या पायऱ्या चढायची ताकद आठ तास लाइनवर उभं राहिलेल्या माणसात उरलेली नसते. त्याला जमिनीवरूनच, सिग्नलने, सुरक्षित ओलांडता आलं पाहिजे. दुसरं उदाहरण विद्यापीठ चौकाचं. तिथले उड्डाणपूल बांधून दीड दशकही झालं नव्हतं, तोच २०२० मध्ये मेट्रोसाठी ते पाडावे लागले. नाशिक रस्त्यावर चाकणपर्यंत मेट्रो नेण्याची चर्चा बरीच वर्षं आहे. ती होईल तेव्हा होवो, पण आजच्या खांबांत तिची जागा राखलेली आहे का, हे आजच विचारायला हवं.

या म्हणण्यावर आक्षेप येतात आणि त्यातले काही दमदार आहेत. पहिला भूसंपादनाचा. जोडरस्ते आणि सर्व्हिस रोड करायचे तर जमीन लागते, मोबदल्याचे वाद होतात, वर्षं जातात. पूल मात्र आहे त्या रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, म्हणून तो लवकर होतो, असं सांगतात. अर्धं खरं आहे. खांबाला जमीन कमी लागते; रॅम्पला भरपूर लागते, आणि तीही नेमकी चौकाजवळची, सगळ्यात महाग. शिवाय मंजुरीतच सर्व्हिस रोड आहेत, म्हणजे ती जमीन घ्यायचीच आहे. वाद कोणत्या क्रमाने घ्यायची एवढाच आहे. दुसरा आक्षेप रिंगरोडचा : मावळ-खेड-हवेलीतून जाणारा रिंगरोड झाला की जड वाहनं बाहेरच्या बाहेर जातील, मग चौकावर पैसे कशाला घालायचे? बाहेरची जातील. चाकणच्याच कारखान्यात उतरायचा कंटेनर रिंगरोडने आला तरी शेवटचे चार किलोमीटर चाकणमधूनच येणार. तिसरा, अतिक्रमण काढा आणि पोलिस वाढवा म्हणजे झालं, हा. वर दिलेल्या गणितात चौकाचं तोंड मोकळं करण्याचा फायदा दिसतोच, तेव्हा यात तथ्य आहे. २०१८ पासून भोसरी, मोशी आणि चाकण एकाच पोलिस आयुक्तालयाखाली आहेत, त्यामुळे जड वाहनांच्या वेळा ठरवणारी अधिसूचना, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खालची, सलग पट्ट्यासाठी एकसारखी काढता येते. मात्र अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळ बंदी घातली की ती कुठेतरी उभी राहतातच. ट्रक टर्मिनल नसेल तर ती सर्व्हिस रोडवर उभी राहतात, आणि मग सर्व्हिस रोड हा फुकटचा पार्किंग लॉट होतो. बंदीच्या आदेशाआधी टर्मिनलची जागा, हा क्रम सोडू नका.

चौथा आक्षेप अभ्यासू मंडळींचा : रस्ता वाढवला की गाड्याही वाढतात, तेव्हा हे सगळंच व्यर्थ. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करत करत काही ठिकाणी २६ पदरांपर्यंत नेला, आणि काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. हा धोका वरच्या पुलाला नक्की आहे; रस्ता सोयीचा झाला की खेडच्या पुढेही प्लॉट पडतील आणि रोज पुण्याला येणाऱ्या गाड्या वाढतील. चौकाची दुरुस्ती, बसची स्वतंत्र वाट, पायी ओलांडण्याची जागा आणि नदीवरचा जोडपूल यांना हा आक्षेप तेवढा लागू होत नाही, कारण त्यांनी लांबच्या प्रवासाचं आमिष वाढत नाही, जवळचा प्रवास सुटतो. म्हणजे हा आक्षेप घेतला तरी तो माझ्याच क्रमाच्या बाजूने जातो. टोलचंही असंच आहे. वर टोल लागला तर वेळेची घाई नसलेला ट्रक खालूनच जाईल. आणि वर दुचाकींना प्रवेश आहे की नाही, हे लेखी विचारा. नसेल तर चाकणचा बहुसंख्य कामगार कायमचा खालच्याच रस्त्याचा प्रवासी आहे, आणि पैशातला मोठा वाटा त्याच्या डोक्यावरून जाणार आहे, अगदी शब्दशः.

क्रमाचा सगळ्यात व्यवहारी मुद्दा बांधकामाच्या काळाचा. खांब रस्त्याच्या मधोमध येणार म्हणजे मधला आठ-नऊ मीटरचा पट्टा पत्र्याच्या कुंपणात जाणार, आणि असं काम काही महिन्यांत उरकत नाही. सर्व्हिस रोड, नाले आणि जोडरस्ते आधी तयार नसतील तर आजची कोंडी त्या काळात दुप्पट होईल. म्हणून कंत्राटाच्या अटींत तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते पाहा : दोन्ही बाजूंचे सर्व्हिस रोड वाहतुकीला खुले होईपर्यंत त्या टप्प्यात पत्रे ठोकायचे नाहीत, गर्दीच्या वेळी प्रत्येक दिशेला किमान किती पदर चालू ठेवायचे, आणि ज्या ठिकाणी काम चालू नाही तिथले पत्रे किती दिवसांत काढायचे. महावितरणच्या तारा, पाण्याची लाइन, ड्रेनेजचे चेंबर कुठे हलणार याचा नकाशाही सोबत हवा, कारण नवा सर्व्हिस रोड पुन्हा खणला जाणं ही आपल्याकडची ठरलेली रीत आहे. महामार्ग प्राधिकरण, महापालिका, चाकण नगरपरिषद, एमआयडीसी, पीएमआरडीए आणि सार्वजनिक बांधकाम खातं यांच्या हद्दी या पट्ट्यात एकमेकांत अडकलेल्या आहेत. चौकाचा कोपरा एकाचा, त्याला मिळणारा रस्ता दुसऱ्याचा, गटार तिसऱ्याचं. प्रत्येक मागणीसमोर खात्याचं नाव लिहून दिलं नाही तर ती कोणाच्याच टेबलावर थांबत नाही.

हे विचारायची वेळ करार होण्याआधीची. बीओटी करार झाल्यावर रॅम्प वाढवायचा किंवा हलवायचा म्हणजे कामाच्या व्याप्तीतला बदल. त्याचा वेगळा खर्च, वेगळी मंजुरी आणि तितकीच वेगळी दिरंगाई. जमिनीबाबत राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ च्या कलम ३-अ ची अधिसूचना निघाली की हितसंबंध असलेल्या माणसाला हरकत नोंदवायला २१ दिवस मिळतात. ती स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते, बहुतेकदा आतल्या पानावर, गट नंबरांच्या बारीक यादीत. हरकत लेखी द्या, सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. ‘आमच्या गावाजवळ रस्ता नीट करावा’ असं लिहिलेल्या अर्जाचं उत्तर ‘नोंद घेतली’ एवढंच येतं. त्याऐवजी नकाशावरचा साखळी क्रमांक लिहा, म्हणजे रस्त्याच्या मोजमापात ती जागा कितव्या किलोमीटरवर आणि कितव्या मीटरवर आहे ते. गट नंबर लिहा, तिथल्या वळणाची तुम्ही स्वतः मोजलेली वाहनं सकाळ-संध्याकाळच्या तासांसकट कोष्टकात द्या, आणि रॅम्प कुठून कुठे हलवायचा ते त्याच नकाशाच्या झेरॉक्सवर पेनने आखून जोडा.